कुत्र्याच्या ‘सी’ जीवनसत्त्वाआधी त्याची हिरडी बघा

कराडशेजारच्या मलकापुरात महामार्गाच्या दोन्ही अंगांना वसाहती वाढल्या, तशी पाळलेली कुत्रीही वाढली. बंगल्यात लॅब, फ्लॅटमध्ये शित्झू नाहीतर पामेरियन, मळ्यातल्या वस्तीवर कारवान किंवा आपलं गावठी. कुत्रं जरा मलूल झालं, केस गळायला लागले, हिरडीवर रक्ताचा ठिपका दिसला की मालक मेडिकलच्या काउंटरवर येऊन म्हणतो, ‘ताकदीचं काहीतरी द्या.’ आणि आपल्या घरांत ताकदीचं म्हणजे बऱ्याचदा सी जीवनसत्त्व. कोरोनाच्या दोन वर्षांनी ही समजूत पक्की केली. संत्र्याच्या चवीच्या त्या गोळ्या तेव्हा घराघरांत आल्या, आणि मग घरातलं माणूस जे खातं त्यातला वाटा कुत्र्यालाही मिळू लागला. यात माया आहे, पण माया आणि मात्रा या वेगळ्या गोष्टी आहेत.

सरळ उत्तर आधी देतो. निरोगी, वेळेवर खाणाऱ्या कुत्र्याला सी जीवनसत्त्व वरून द्यावं लागत नाही. ते स्वतःच तयार करतं. त्याच्या यकृतात साखरेपासून, म्हणजे ग्लुकोजपासून, रोजच्या गरजेपुरतं सी बनतं आणि रक्तात मिसळतं. ही साखळी पुरी करणारं शेवटचं विकर माणसाच्या पूर्वजांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच निकामी झालं, म्हणून आपल्याला पेरू, लिंबू, आवळा, कोथिंबीर यांच्याकडे हात पसरावा लागतो. माकडांचं तेच, गिनिपिगचं तेच, बहुतेक वटवाघळांचंही तेच. कोणता प्राणी सी बनवतो आणि कोणता नाही, याचा शोध घेणाऱ्यांत कोलकात्याचे आय. बी. चॅटर्जी यांचं नाव मोठं आहे. या क्षमतेचा उत्क्रांतीतला प्रवास त्यांनी १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. त्याआधी पक्ष्यांवर झालेल्या कामात असं दिसलं होतं, की बरेच पक्षी सी बनवतात, पण लालबुड्या बुलबुलाला ते जमत नाही. म्हणजे परसातल्या पेरूला चोच मारणाऱ्या बुलबुलाला त्या पेरूची गरज आहे, आणि झाडाखाली पडलेल्या कुत्र्याला नाही.

म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ मध्ये कुत्र्या-मांजरांच्या पोषणाचा जो जाडजूड ग्रंथ काढला, त्यात अ, ड, ई आणि ब गटातल्या जीवनसत्त्वांचे आकडे आहेत, पण कुत्र्याच्या आहारात सी किमान किती हवं याचा आकडा नाही. पॅकबंद खाद्यासाठी तिकडे ‘ॲफको’चे निकष वापरतात, त्यांतही नाही. तरी अनेक कंपन्या खाद्यात सी घालतात. तुमच्याकडच्या पाकिटावर ‘ॲस्कॉर्बिल पॉलीफॉस्फेट’ असं काही छापलेलं असेल तर ते सी जीवनसत्त्वच आहे, उष्णतेत टिकावं म्हणून जरा बदललेलं. म्हणजे पाकिटातलं खाणाऱ्या कुत्र्याला कदाचित ते आधीच मिळतं आहे, आणि भाकरी-दूध-अंड्यावरचं गावठी ते घरचंच बनवतं आहे.

मग हिरडीतून रक्त का येतं? हा प्रश्न मात्र गंभीर आहे, आणि इथे जरा थांबायला हवं.

हिरडीतलं रक्त आणि सी यांची जोडी आपल्या डोक्यात बसली ती माणसाच्या स्कर्व्हीमुळे. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने हिरड्या सुजलेल्या खलाशांना संत्री-लिंबं देऊन बरं केलं, ती गोष्ट शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचली. कुत्र्याच्या बाबतीत ती लागू पडत नाही. आपल्या भागात कुत्र्याच्या हिरडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले, नाकातून रक्त आलं, ताप आला, जेवण सुटलं, तर पहिला संशय गोचीड तापाचा घ्यायचा. एर्लिचिया नावाचा जंतू गोचिडीच्या चाव्यातून रक्तात शिरतो आणि प्लेटलेट पेशी कमी करतो. रक्त गोठेनासं होतं, म्हणून ठिपके. बाबेसिया हा दुसरा, तो तांबड्या पेशी फोडतो; त्यात हिरडी पांढुरकी नाहीतर पिवळसर पडते आणि लघवी गडद होते. दोन्ही आजारांवर औषधं आहेत आणि वेळेत दिली तर बहुतेक कुत्री उठून बसतात. एर्लिचियासाठी डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण चार आठवडे चालतो. दुसऱ्याच आठवड्यात कुत्रं उड्या मारायला लागलं म्हणून तो सोडू नका. आजार जुना झाला तर तो अस्थिमज्जेवर जातो आणि मग फारसं काही हातात राहत नाही. अशा कुत्र्याला पंधरा दिवस संत्र्याची गोळी देत बसणं म्हणजे तेच पंधरा दिवस आजाराला देणं.

गोचिडीबद्दल एक गैरसमज इथे फार आहे. ‘शेजारी गोठा आहे, म्हणून आमच्या कुत्र्याला गोचिडी होतात,’ असं म्हणतात. गुरांच्या अंगावरची गोचीड बहुतांशी वेगळ्या जातीची असते. कुत्र्याची तपकिरी गोचीड राहते ती तुमच्याच घरात: भिंतीच्या भेगांत, फरशीच्या सांध्यांत, कुत्र्याच्या पोत्याखाली, जिन्याच्या कोपऱ्यात. मादी रक्त पिऊन फुगली की अंगावरून उतरते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते. त्यामुळे फक्त कुत्र्याच्या मानेवर औषध टाकून काम होत नाही, भेगा बुजवाव्या लागतात आणि जागेवर फवारणी लागते. गुरांसाठी आणलेलं फवारणीचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालण्याची पद्धत वस्त्यांवर दिसते. ती सोडा. कुत्रं अंग चाटतं, त्यातून विषबाधा होते.

तेव्हा पहिलं काम, गोळी विकत घेण्याआधीचं: कुत्र्याचा वरचा ओठ उजेडात उचलून बघा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबली की पांढरी होते आणि बोट काढल्यावर साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. रंग परतायला वेळ लागला, हिरडी फिकट, पिवळी किंवा ठिपक्यांची दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, तिथे डोळ्याची खालची पापणी किंचित ओढून आतला रंग बघायचा. फिकटपणाचं आणखी एक कारण पोटात असतं, अंकुशकृमी. ते आतड्याला चिकटून रक्त पितात, आणि पिल्लं तर त्याने दगावतातसुद्धा. जंताचं औषध शेवटचं कधी दिलं हे आठवत नसेल तर तेच उत्तर असू शकतं. आणि हिरडी फक्त दातांच्या कडेला लाल असेल, दातांवर पिवळा-तपकिरी थर असेल, तोंडाला वास येत असेल, तर तो कीटणाचा आजार आहे. तो साफ करून घ्यावा लागतो. कुठल्याही जीवनसत्त्वाने दातावरचा दगड विरघळत नाही.

केस गळण्याची कारणं वेगळी असतात: खरूज, बुरशी, पिसवा, ऋतू बदलणं, थायरॉइड. त्वचेचा खरवडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर पाच मिनिटांत बऱ्याच गोष्टी कळतात. हे मेडिकलवाल्याला काउंटरवरून दिसत नाही, त्याचा तो दोषही नाही.

मलकापुरात आणि शेजारी कराडात पाळीव प्राण्यांचे खाजगी दवाखाने आहेत, आणि सरकारी गुरांचा दवाखाना आहेच. त्याला ‘गुरांचा’ म्हणतात म्हणून कुत्र्याला नेत नाहीत, पण तिथले डॉक्टर त्याच विद्येचे पदवीधर असतात. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर कराडहून पुण्याच्या दिशेने खंबाटकी घाट ओलांडला की शिरवळ. तिथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं. 

आता सांध्यांचा मुद्दा, कारण सी घेणाऱ्यांतले निम्मे लोक त्यासाठी येतात. जर्मन शेफर्ड किंवा लॅबचं पिल्लू मागच्या पायांनी लचकतं, कोणीतरी सांगतं की सी दिलं की खुबा घट्ट होतो. या समजुतीचा उगम अमेरिकेत आहे. कॅलिफोर्नियातल्या वेंडेल बेलफील्ड या पशुवैद्याने १९७६ मध्ये लिहिलं, की गाभण माद्यांना आणि पिल्लांना भरपूर सी दिल्यावर जर्मन शेफर्डच्या आठ वेतांत खुबा सैल पडण्याचा आजार दिसला नाही. ऐकायला छान, पण तुलनेसाठी सी न दिलेला गट ठेवलेलाच नव्हता, आणि अशा गटाशिवाय गोळीचा गुण की नशिबाचा, हे ठरत नाही. पुढे कोणी ते पक्कं सिद्ध करून दाखवलं नाही. खुब्याचा हा आजार बराचसा वंशातून येतो आणि जास्त खाऊ घातल्याने बळावतो. मोठ्या जातींच्या पिल्लांना हाडांचा एक दुखरा आजार होतो, पाय सुजतात, ताप येतो. एकेकाळी त्याला कुत्र्याची स्कर्व्ही समजून सी देत असत. त्याचा उपयोग होत नाही, उलट त्रास वाढू शकतो, हे आता पशुवैद्यकाच्या पुस्तकांत आहे.

सांध्यांसाठी खरंच काय करावं? वजन आवरा. ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर त्यांच्या जन्मापासून मरणापर्यंत चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारी सडपातळ कुत्री सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगली आणि त्यांना सांधेदुखी उशिरा झाली. एवढा फायदा दाखवणारी कोणतीही पावडर बाजारात मला माहीत नाही, आणि हा उपाय फुकट आहे. अडचण एकच, ताटातला शेवटचा घास कुत्र्याला टाकायचा आजीचा हट्ट.

शर्यतीच्या कुत्र्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात जत्रांच्या निमित्ताने श्वान शर्यती होतात, कारवान आणि ग्रेहाउंड पाळणारे शौकीन गावोगाव आहेत. त्यांच्यात ‘पळायच्या आधी सी द्यायचं, दम टिकतो’ असा सल्ला फिरतो. फ्लोरिडा विद्यापीठात हे तपासून झालंय. २००२ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात शर्यतीच्या ग्रेहाउंडना रोज १ ग्रॅम सी दिल्यावर ती ५०० मीटरला सरासरी ०.२ सेकंद हळू पळाली. ०.२ सेकंद म्हणजे शेवटच्या रेषेवर सुमारे ३ मीटरचं अंतर. कुत्री मोजकीच होती, त्यामुळे सी देऊन कुत्रं नक्की मंदावतं असं मी म्हणणार नाही. पण वेग वाढतो म्हणून पैसे घालणाऱ्याने हा निकाल माहीत करून घ्यावा.

‘दिलं तर काय बिघडलं, जास्तीचं लघवीवाटे जातं,’ हा शेवटचा युक्तिवाद. बहुतांशी जातं, हे खरं. पण जाताना सीचा काही भाग ऑक्झॅलेट बनतो, आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटचे खडे ही कुत्र्यांतली नेहमीची तक्रार आहे. शित्झू, ल्हासा ॲप्सो, मिनिएचर श्नाउझर, यॉर्कशायर टेरियर या लहान जाती त्यात पुढे. यांतल्या कुत्र्याला एकदा खडा झालेला असेल तर सी बंद, यावर डॉक्टरांचं दुमत नसतं. शिवाय मात्रा वाढली की जुलाब होतात. आणखी एक बारीक गोष्ट: लघवीत सी जास्त असेल तर तपासणीच्या पट्टीवर साखर किंवा रक्त असूनही ‘नाही’ असं येऊ शकतं. म्हणून लघवीची तपासणी करायची असेल तर गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगा.

हे सगळं वाचूनही सी घ्यावं लागतं अशा वेळा असतात. यकृताच्या जुन्या आजारात ते बनवणारा कारखानाच दुबळा होतो, तेव्हा डॉक्टर कधी कधी थोडं सी जोडतात. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत मुख्य औषधासोबत सी वापरतात. (ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी कुत्र्याला देणारे अजूनही भेटतात. देऊ नका. मांजराला तर एक गोळीसुद्धा जिवावर बेतते.) लांबलेल्या आजारातून उठणाऱ्या किंवा फार म्हाताऱ्या कुत्र्याला काही डॉक्टर ठरावीक काळापुरतं लिहून देतात. अशी चिठ्ठी हातात असेल, तर पुढे निवडीचा प्रश्न येतो.

बाजारात सी तीन रूपांत मिळतं. साधं ॲस्कॉर्बिक ॲसिड आंबट असतं, स्वस्त असतं, आणि रिकाम्या पोटी काही कुत्र्यांना त्याने ओकारी येते. सोडियम ॲस्कॉर्बेट आंबट नसतं, पोटाला सौम्य पडतं, पण त्याच्या १ ग्रॅममध्ये सुमारे ११६ मिलिग्रॅम सोडियम असतं. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते विचारूनच द्यायचं. कॅल्शियम ॲस्कॉर्बेटही सौम्य, त्यात दहाएक टक्के कॅल्शियम. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला आणि खड्याच्या रुग्णाला ते नको. हृदय-मूत्रपिंड ठीक असलेल्या मोठ्या कुत्र्याला थोड्या दिवसांसाठी द्यायचं असेल तर मी सोडियमवाला प्रकार निवडेन, जेवणासोबत. लिपोसोमल नावाचं जे महागडं बाटलीबंद सी हल्ली दिसतं, त्याच्यावर कुत्र्यासाठी जादा पैसे घालायला मला कारण दिसत नाही. पाण्यात फसफसणारी गोळी तर नकोच, तिच्यात सोडियम, आम्ल आणि गोडवा देणारे पदार्थ यांची गर्दी असते.

चघळायच्या गोळ्या आणि लहान मुलांच्या जेलीसारख्या गोळ्या यांच्याबाबत डोळ्यांत तेल घालून वाचा. झायलिटॉल हा शब्द दिसला की ती वस्तू कुत्र्याच्या घरात ठेवायचीच नाही. माणसाला निरुपद्रवी असलेलं हे गोड द्रव्य कुत्र्याच्या शरीरात इन्शुलिनचा लोंढा सोडतं. अर्ध्या तासात साखर खाली येऊन कुत्रं लटपटतं, झटके येतात, पुढे यकृत जाऊ शकतं. आपल्याकडच्या वेष्टनावर नाव न देता नुसता ‘आयएनएस ९६७’ असा आकडाही असतो, तो तोच. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या प्रत्येक गोळीवर हा आकडा शोधा.

दुसरा धोका जोडगोळ्यांचा. सी अधिक झिंक (जस्त), सी अधिक ड अशी मिश्रणं कोरोनानंतर फार आली. जस्त जास्त झालं तर कुत्र्याला उलट्या होतात आणि तांबड्या पेशी फुटू लागतात. ड जीवनसत्त्वाचं तर गणितच करून दाखवतो. आठवड्याला एक घ्यायची ६०,००० युनिटची कॅप्सूल किंवा पुडी आपल्या घरांत सर्रास असते. तिच्यात १.५ मिलिग्रॅम ड असतं. १० किलोच्या कुत्र्याला एवढ्याने उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. ३ किलोच्या पामेरियनने तीच चावून खाल्ली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना धोका होतो. सी शोधायला उघडलेल्या डब्यातून चुकून ही कॅप्सूल हाती येते, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या जागी ठेवा आणि कुत्र्याला पोचेल अशा टेबलावर यातलं काहीच ठेवू नका.

मात्रेचंही तसंच. ६० किलोच्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतली तर किलोमागे सुमारे ८ मिलिग्रॅम पडतं. तीच गोळी ५ किलोच्या कुत्र्याला दिली की किलोमागे १०० मिलिग्रॅम. ‘अर्धी देतो’ म्हटलं तरी ५०. मलकापूरने चोवीस तास पाणी मीटरने मोजून द्यायला आणि घ्यायला शिकून राज्यभर नाव कमावलं, गोळीलाही तोच नियम लावा: आधी वजन, मग मात्रा. कुत्र्याचं वजन घरीही करता येतं. त्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, आणि वजाबाकी करा. डॉक्टरांना तो आकडा सांगा आणि मिलिग्रॅममध्ये मात्रा लिहून मागा. ‘एक झाकण’, ‘अर्धा चमचा’ यावर भागवू नका, कारण बाटली बदलली की झाकणातलं सी बदलतं.

पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या सिरपच्या बाटल्या बघताना पाठीमागचा मजकूर वाचा. दर्शनी बाजूला सी जीवनसत्त्व मोठ्या अक्षरांत आणि मागे वीस घटकांच्या यादीत त्याचं प्रमाणच नाही, अशी बाटली परत ठेवा. ‘प्रत्येक ५ मिलीमध्ये अमुक मिलिग्रॅम’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, बॅच क्रमांक आणि संपण्याची तारीख हवी. ‘रोगप्रतिकारशक्ती दुप्पट’ वगैरे छापणाऱ्यावर माझा विश्वास कमी होतो, वाढत नाही. यापेक्षा माणसांच्या मेडिकलमधली साधी, बिनरंगाची, फक्त सी असलेली गोळी बऱ्याचदा जास्त प्रामाणिक असते: घटक एक, प्रमाण स्पष्ट, किंमत थोडी. डॉक्टरांनी मान्यता दिली तर तीच तुकडे करून चालते.

कोंबड्यांच्या पावडरीचं वेगळं सांगतो, कारण आपल्या भागात पोल्ट्री आहेत. उन्हाळ्यात ब्रॉयलरच्या पाण्यात सी मिसळतात. कोंबडीही सी स्वतः बनवते, पण कडक उन्हात ते कमी पडू शकतं म्हणून हा उपाय. शेडमधली उरलेली पावडर घरच्या कुत्र्याला घालणारे आहेत. ती शेकडो पक्ष्यांच्या हिशेबाने घट्ट केलेली असते, सोबत क्षार आणि इतर द्रव्यंही असतात, आणि कुत्र्याचं प्रमाण पुडक्यावर कुठेच नसतं. कुत्र्याला उन्हाळ्यात लागते सावली आणि दिवसभर भरलेलं पाण्याचं भांडं. दुपारी डांबरी रस्त्यावर फिरवणं टाळलं तर निम्मं काम होतं.

गोळी नकोच, फळातून द्यावं असं वाटत असेल तर पिकलेल्या पेरूची बिया काढलेली बारीक फोड चालते, तीही आवड म्हणून. आवळा आंबट-तुरट लागतो म्हणून बहुतेक कुत्री तो थुंकून टाकतात. द्राक्षं आणि बेदाणे मात्र कधीच नाहीत. आपल्याला हे ठासून सांगायला हवं, कारण तासगावच्या बाजूने घरोघरी बेदाण्याची पिशवी येते आणि प्रसादाच्या वाटीतून कुत्र्याला दोन दाणे मिळतात. द्राक्ष-बेदाण्याने कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. किती दाण्यांनी हे होईल त्याचा नेम नाही, काहींना थोड्यानेही बाधतं. त्यातल्या टार्टारिक आम्लावर संशय आहे, आणि चिंचेत तेच आम्ल भरपूर असतं, म्हणून आमटीतली चिंचही लांब. कांदा-लसणाचा रस्सा भाकरीत कुस्करून देण्याची सवयही सोडा, कांद्याने तांबड्या पेशी फुटतात. हिरडी फिकट दिसण्याचं कारण कधी कधी तिथेच सापडतं.

सी नाजूक असतं. हवा, उजेड, दमटपणा आणि उष्णता यांनी ते मोडतं. पावसाळ्यात झाकण सैल राहिलेल्या डब्यातली पांढरी गोळी पिवळसर किंवा तपकिरी झाली असेल तर ती टाकून द्या, तारीख शिल्लक असली तरी. वाफाळत्या भातात पावडर कालवू नका, भात कोमट झाल्यावर शेवटी घाला, आणि लोखंडी किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवू नका. पावडर घ्यायची झाल्यास लहान डबी घ्या. मोठ्या डब्यात मिलिग्रॅमचा भाव स्वस्त पडतो, पण तळाला पोचेपर्यंत त्यात सी किती उरलंय हे कोणी सांगू शकत नाही.

सुरू करताना डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: किती दिवस द्यायचं, आणि काय सुधारलं की थांबवायचं. उत्तर वहीत लिहा, गोळी चालू असताना हिरडीचा रंग, शौचाचं स्वरूप आणि वजन दर आठवड्याला त्याच्याखाली टिपत जा. ठरलेला काळ संपला आणि वहीत फरक दिसला नाही, तर दुसरी बाटली आणू नका. त्या पैशांत रेबीजच्या लशीचा राहिलेला डोस, जंताचं औषध किंवा रक्ताची एक तपासणी होते, आणि हिरडीवर ठिपके परत दिसले तर ती तपासणी दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.